कुमुदताईंची विहीर

कामतघरच्या त्या केंद्राच्या अंगणात एक विहीर होती. विहीर म्हणजे विटांचा गोल कठडा, वर लोखंडी पाइपांची चौकट, चौकटीला टांगलेली कप्पी आणि खाली जमिनीत पुरलेलं एक मोठं पिंप. पिंपात नळाचं पाणी भरलेलं असे. कठड्याला गिलावा केलेला होता आणि त्याची वरची कड हाताला लागू नये म्हणून गोल घासलेली होती. केंद्र बघायला आलेले पाहुणे तिच्यात वाकून बघत आणि हसत. चार पावलांवर नळ असताना ही कशाला, असं त्यांना वाटे.

ती कुमुदताई प्रधानांनी बांधून घेतली होती. कुमुदताई जाऊन आता बराच काळ लोटला. त्यांच्याबद्दल लिहावं असं अनेकदा मनात आलं आणि प्रत्येक वेळी ती विहीर आडवी आली. आता तिच्यापासूनच सुरुवात केली आहे.

प्रधान घराणं भिवंडीतलं जुनं. वडील कोर्टात कारकून होते, काका शाळेत. कुमुदताई मुंबईला शिकून ऑक्युपेशनल थेरपिस्ट होऊन परत आल्या, तेव्हा गावात या शब्दाचा अर्थ कोणालाच माहीत नव्हता. कोणी विचारलं की त्या सांगत, "आजारानं नाहीतर अपघातानं ज्याचं रोजचं काम सुटलंय, त्याला ते परत शिकवायचं. आंघोळ, कपडे, चूल, पाणी. एवढंच." एका धर्मादाय संस्थेनं कामतघरात केंद्र काढलं होतं. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, पट्ट्यात हात गेलेले कामगार, लकवा झालेल्या बायका, पोलिओची मुलं तिथे येत. काही तिथेच राहत. चारी बाजूंना लूमचा खडखडाट असे, त्यामुळे केंद्रात सगळेच जरा मोठ्यानं बोलत. कुमुदताई तेवढ्या हळू बोलत आणि समोरच्याला वाकून ऐकायला लावत.

माझी त्यांची ओळख वाचनालयात झाली. मी तिथे ग्रंथपाल होते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. एका दुपारी एक उंच बाई काउंटरशी आल्या. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. कसलंही पुस्तक न मागता त्यांनी मला विचारलं, की उकिडवं बसणं आणि चवड्यावर बसणं यांत आपले लोक फरक करतात का. मी म्हटलं, शोधावं लागेल. त्या म्हणाल्या, "शोधू नका. बसून दाखवा." मी काउंटरमागे दोन्ही प्रकारे बसून दाखवलं. वर्तमानपत्र वाचणारे दोन म्हातारे चष्मे वर करून बघत राहिले.

सांगू नका, दाखवा, हे त्यांचं नेहमीचं होतं. माणूस स्वतःबद्दल जे सांगतो त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. लूमवाला नोकरी जाईल या भीतीनं सगळंच जमतं म्हणतो, घरची सून काहीच जमत नाही म्हणते. दोघंही खोटं बोलत नसतात, पण ते ऐकून माणसाला घरी पाठवायचं की ठेवून घ्यायचं हे ठरवता येत नाही, असं त्या म्हणत. त्यासाठी मोजमाप हवं. कुठेही, कोणीही मोजलं तरी तेच येईल असं.

परदेशातली एक प्रश्नावली त्यांच्याकडे होती. आधी तीच मराठी-हिंदीत वापरून बघितली. त्यात टबमध्ये उतरण्याबद्दल, काट्याचमच्याबद्दल, मोटारीबद्दल प्रश्न होते. तुम्हाला मोटारीत चढता-उतरता येतं का, असं त्यांनी एका लूम कामगाराला विचारलं, तेव्हा तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "चढ तो जाएँगे मॅडम, पहले गाडी तो दिलवाइए." सगळे हसले. कुमुदताईही हसल्या, पण त्या दिवसापासून ती प्रश्नावली त्यांनी कपाटात टाकली. आपल्या माणसांची आपली चाचणी करायची, असं ठरलं. मांडी घालून जेवणं, चुलीपुढे बसून भाकरी थापणं, साडी नेसणं, घागर डोक्यावर घेणं, विहिरीतून पाणी शेंदणं. शब्दांसाठी त्या संध्याकाळी वाचनालयात येऊन बसत. त्यातून मी त्यांच्या कामात ओढली गेले आणि त्या मला 'अगं' म्हणू लागल्या.

चाचणी करणं एक, आणि ती खरी आहे हे सिद्ध करणं दुसरं. या दुसऱ्या कामात त्यांची काही वर्षं गेली. एका रुग्णाला दोन तपासनीस एकाच वेळी गुण देत, पण मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा असे, एकानं दुसऱ्याचं बघायचं नाही. काही दिवसांनी तीच चाचणी पुन्हा घ्यायची. प्रश्न जसा लिहिलाय तसाच वाचायचा, जास्तीचं काही विचारायचं नाही. एकानं एक जास्त विचारलं आणि दुसऱ्यानं नाही, की मोजमाप बिघडलं. रुग्ण धडपडत असताना मदत करायची नाही. रझिया नावाची त्यांची तरुण सहकारी होती, तिचा हात आपोआप पुढे जाई, आणि कुमुदताई फक्त म्हणत, "हात मागे."

त्यांचा हा स्वभाव घरीदारी तसाच होता. एकदा आमच्याकडे आल्या होत्या. माझ्या आईची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. ती लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत होती आणि ते उघडत नव्हतं. कुमुदताई समोर बसून लक्ष देऊन बघत राहिल्या. शेवटी आई चिडून म्हणाली, "बघताय काय नाटक बघितल्यासारखं? उघडा की." त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचं अजून संपलेलं नाही." झाकण उघडलं. आईनं त्यांना लोणचं वाढलं, पण पुढे कितीतरी दिवस ती त्यांना 'तुझी ती कडक बाई' म्हणत असे.

तिसरं काम माझ्याकडे आलं. माणूस घरी गेल्यावर काही आठवड्यांनी कोणीतरी त्याच्या घरी जाऊन बघायचं, की तो खरोखर काय करतो. बघायला जाणाऱ्याला रुग्णाचे गुण माहीत नसावेत. गुण आणि घरचं वागणं जुळलं, तर चाचणी खरी. "तू कमी बोलतेस आणि सरळ बघतेस," त्या म्हणाल्या. सगळी घरं होईपर्यंत मी काय पाहिलं ते त्यांनाही सांगायचं नाही, अशी अट होती. आधी कळलं तर पुढच्या रुग्णाकडे त्यांची नजर बदलली असती. मला ते पटलं होतं.

विहीर याच काळात बांधली गेली. पाणी शेंदण्याची परीक्षा घ्यायची तर सगळ्यांना एकच विहीर हवी, एकच दोर, एकच बादली. कठडा किती उंच असावा यावर कुमुदताईंनी गवंड्याशी दोन दिवस वाद घातला. शेवटी रुग्ण पडू नये इतका उंच ठरला. त्यात चूक काय होती? कोणालाच दिसली नाही. विहीर पुरी झाली त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः पहिली बादली काढली आणि आम्हा सगळ्यांना त्या पाण्याचा चहा पाजला. त्यांना इतकं खूश मी नंतर कधी पाहिलं नाही.

येशी त्यानंतर आली. डोंगराकडच्या एका पाड्यावरची, तिशीच्या आतली. बाळंतपणात तिची उजवी बाजू गेली होती. बाळ जगलं होतं. नवऱ्यानं तिला पाठुंगळी घेऊन खाली रस्त्यापर्यंत आणलं आणि पुढे टेम्पोत घालून. तो वीटभट्टीवर कामाला जाई, बाळाला आणि घराला तिची जाऊ बघत होती.

येशी सगळ्यांना अरे-तुरे करायची, संस्थेच्या अध्यक्षांनासुद्धा. लूमच्या आवाजाला ती 'तुमचा राक्षस' म्हणे. राक्षस रविवारी का गप बसतो, त्याला सुट्टी हाय का, असं तिनं रझियाला विचारलं होतं. एका हातानं भाकरी थापायला ती शिकली. पाय ओढत चालायला लागली. आणि पाणी शेंदायला शिकली. कशी, तर पोट कठड्याला टेकवायचं, सगळा भार त्याच्यावर टाकायचा, डाव्या हातानं दोर ओढायचा आणि ओढलेला दोर दातांत धरून हात पुन्हा पुढे न्यायचा. ही युक्ती तिची तिनं काढली होती. कुमुदताई हात मांडीवर ठेवून बघत होत्या. बादली वर आली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, असं रझिया सांगते.

येशीनं बादली कठड्यावर ठेवली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुजी विहीर गरीब हाय बाई. आमची तशी न्हाय."

सगळे हसले. रझियानं हसत हसत कुमुदताईंकडे बघितलं. येशीला पुढे काही विचारावं असं तिच्या मनात आलं होतं, असं तिनं मला खूप नंतर सांगितलं. पण ते प्रश्नांत नव्हतं. पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना पाण्यासाठी पूर्ण गुण पडले. काही दिवसांनी पुन्हा चाचणी झाली, पुन्हा पूर्ण. उन्हाळा लागत असताना येशी घरी गेली.

मी तिच्या पाड्यावर गेले तेव्हा झाडं करपली होती. येशी दारात बसली होती, मांडीवर बाळ. मला बघून ती खूश झाली. जाऊ शेजारच्याच झोपडीत होती. पूर्वी येशीचं पाणी तीच आणायची. आता आणत नव्हती. भांडण वगैरे काही नव्हतं. भिवंडीच्या बाईनं येशीला पास केलंय, मग माझं काय काम, असं जाऊ मला अगदी साधेपणानं म्हणाली. येशीलाही त्याचा अभिमान होता. "मना पुरे मार्क हायेत," ती म्हणाली. गुण मला कळायला नको होते, पण ते असे कळले.

मग ती पाण्याला निघाली आणि मी मागोमाग. विहीर पाड्याखाली उतारावर होती. नुसतं जमिनीतलं मोठं भोक, कडेची माती ढासळलेली. तोंडावर दोन ओंडके आडवे टाकलेले. बायका त्या ओंडक्यांवर उभ्या राहून पाणी शेंदत. उन्हाळ्यानं पाणी खूप खाली गेलं होतं. येशी ओंडक्यावर चढली, चांगला पाय पुढे, दुसरा मागे ओढलेला. तिनं दोर सोडला. आणि मग ती पुढे झुकली, पोट टेकवायला. टेकायला तिथे काही नव्हतं. ती सावरली, हसली, पुन्हा झुकली. केंद्रात शिकलेलं तिचं अंग दर वेळी त्या नसलेल्या कठड्याकडे जात होतं.

त्या दिवशीची बादली मीच काढली. जावेला म्हटलं, निदान पाऊस पडून पाणी वर येईपर्यंत तरी तू आण. ती बरं म्हणाली. येशी माझ्यावर रागावली.

भिवंडीत परतले ती सरळ केंद्रावर गेले. कुमुदताई कागद लावत बसल्या होत्या. मुंबईहून तज्ज्ञांची समिती यायची होती, चाचणीला मान्यता मिळण्याच्या बेतात होती. माझी थोडीच घरं उरली होती. मी तोंड उघडलं तशी त्यांनी हात वर केला.

"सांगू नकोस."

"येशीच्या विहिरीला कठडा नाही," मी म्हटलं.

त्यांनी हातातला कागद गठ्ठ्यावर ठेवला. बाहेर पाळी बदलत होती. मग म्हणाल्या, "हे तू मला आत्ता सांगायला नको होतंस." मी म्हटलं, तिला परत आणा. त्या म्हणाल्या की एकीला मध्येच परत आणलं तर सगळ्यांचं मोजमाप पहिल्यापासून करावं लागेल. वर्षं गेली आहेत. जाऊ पाणी आणते आहे ना? आणते म्हणाली आहे, मी म्हटलं. "मग उरलेली घरं होऊ दे. समिती गेली की मी स्वतः जाते. काहीतरी करू."

हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. अगदी विचार करून म्हणाल्या. आणि मी तिथून निघाले तेव्हा त्या खिडकीशी उभ्या राहून अंगणातल्या विहिरीकडे बघत होत्या.

नंतरचे दिवस विचित्र गेले. कुमुदताई नेहमीसारख्याच कामात होत्या, पण पाणी शेंदण्याची परीक्षा आली की त्या रझियाला पुढे करून आत जात. एकदा मला म्हणाल्या, की या वर्षी ऊन जास्तच आहे, नाही का. मी हो म्हटलं.

समिती आली. तिनं सगळं पाहिलं, विहिरीचं तर फारच कौतुक केलं. चार जणांनी चार बादल्या काढून पाहिल्या. ती मंडळी जेवत असतानाच येशीचा नवरा फाटकात येऊन उभा राहिला. त्याच्या कडेवर बाळ होतं. कुमुदताई वाढणं सोडून बाहेर गेल्या. तो काही ओरडला नाही. जाऊ तापानं पडली होती, घरात पाणी नव्हतं, येशी आपणहून विहिरीवर गेली आणि ओंडक्यावरून आत पडली, एवढं त्यानं सांगितलं. मग विचारलं, "बाई, तू तर तिला पास केली होती ना?"

तो विचारत होता, आरोप करत नव्हता. खरंच त्याला समजत नव्हतं.

कुमुदताई त्याच्याबरोबर तशाच गेल्या. दोन दिवसांनी परत आल्या. तिथे काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. रझियानं एवढंच पाहिलं, की त्यांच्या तळहातांची सालं गेली होती. मला वाटतं, त्या विहिरीच्या कडेला रचायला त्यांनी तिथे दगड वाहिले.

यानंतर जे घडलं त्यानं त्या अधिक खचल्या असाव्यात. सगळी घरं धरून हिशेब मांडला गेला, आणि चाचणी खरी ठरली. उत्तम ठरली. येशीच्या बाबतीत गुण आणि घर जुळलं नव्हतं, पण एका माणसानं हिशेब हलत नाही. कुमुदताईंनी समितीला लिहिलं, भेटून सांगितलं, की ही चाचणी माणसाला मोजते, त्याच्या वाटेला मोजत नाही, त्याच्या विहिरीला मोजत नाही. हिच्यावर कोणाला घरी पाठवू नका. समितीचे प्रमुख भले गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "प्रधानबाई, दुःख कळतं. पण प्रमाणित झालेली चाचणी आता तुमची एकटीची राहिलेली नाही."

आणि ती पसरली. जिल्ह्यात नवी केंद्रं निघाली, तिथे ती चाचणी गेली. चाचणीबरोबर विहीरही गेली, कारण मोजमाप सारखं हवं. कुमुदताईंनी काढलेला नकाशा सगळीकडे पाठवला गेला. तोच घेर, तीच कप्पी, तेवढाच उंच कठडा, वरची कड गोल घासलेली. कामतघरचा कठडा पाडू द्या, अशी त्यांनी परवानगी मागितली. ती नाकारली गेली, आधीच्या आणि नंतरच्या गुणांची तुलना करता आली नसती म्हणून. त्या दिवसापासून केंद्रातून जाताना त्या अंगणाच्या कडेनं, भिंतीला धरून जात.

पुढे त्या निवृत्त झाल्या. गुडघे गेले, काठी आली. तरीही कुठे शिबिर आहे कळलं की जाऊन बसत. घरी निघालेल्या माणसाला थांबवून विचारत, पाणी कुठून आणता, वाट कशी आहे, घरात दुसरं कोण आहे. काही ठिकाणी त्यांना खुर्ची देत. काही ठिकाणी, मॅडम, रांग अडते आहे, असं म्हणत. एकदा एका शिपायानं त्यांना रुग्ण समजून रांगेत उभं केलं. ते सांगताना त्या हसल्या होत्या, पण थोड्याच.

मी त्यांना शेवटचं हिंडताफिरताना पाहिलं ते खारबावजवळच्या एका नव्या केंद्रात. सोबतीला चल म्हणाल्या, म्हणून गेले होते. अंगणात विहीर होतीच, ताज्या गिलाव्याची. एका बाईची परीक्षा चालली होती. डावा हात लुळा, वय चाळिशीचं. ती कठड्याला पोट टेकवून वाकली होती आणि दोर ओढत होती. तपासणारी मुलगी चुणचुणीत होती, हात मागे बांधून उभी. बादली वर आली. मुलगी म्हणाली, छान, पूर्ण गुण.

कुमुदताईंनी खुर्चीतूनच त्या बाईला विचारलं, "तुमच्या विहिरीला कठडा आहे?"

बाईनं आधी मुलीकडे बघितलं. मग म्हणाली, "न्हाय. फळ्या हायेत."

"मॅडम, असं मधेच विचारता येत नाही," मुलगी अदबीनं म्हणाली. "गुण बदलतील."

"गुण नको बदलूस," कुमुदताई म्हणाल्या आणि काठी टेकून उठल्या. घर कुठे, म्हणून त्यांनी बाईला विचारलं. लांब हाय, टेम्पो खाली सोडतो, मग चढ हाय, असं ती म्हणाली. आज तुझ्याबरोबर येते, असं कुमुदताईंनी सांगितल्यावर ती गोंधळली, त्यांच्या गुडघ्यांकडे बघून म्हणाली, "तुला चढवंल का, आजी?"

कुमुदताई फाटकाकडे चालू लागल्या. मी येते म्हटलं, तर मला म्हणाल्या, वाचनालय कोण उघडणार, तू जा. त्या चढानंच त्यांना नेलं, असं त्यांचा भाऊ अजून म्हणतो. परतल्या त्या अंथरुणालाच खिळल्या, आणि मी भेटायला जाईपर्यंत त्यांना कोणी ओळखू येत नव्हतं.

त्या दिवशी मी फाटकात उभी होते. टेम्पोत मागे पोती होती, त्यांवर त्या दोघी शेजारी शेजारी बसल्या. टेम्पो सुटला. कुमुदताई काहीतरी विचारत होत्या. ती बाई चांगला हात लांब करून डोंगराकडे दाखवत होती. त्या तिच्या बोटाच्या दिशेनं बघत होत्या, मान उंचावून, डोळ्यांवर हात धरून. मीही तिकडे बघितलं. तिथून घर दिसत नव्हतं, वाटही दिसत नव्हती.